जेतवन गल्लीचे उलटे बूट

पिंपरीत रेल्वेचे रूळ आणि एका कारखान्याची मागची भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत जेतवन गल्ली होती. होती म्हणायचं, कारण आता तिथे मोटारी उभ्या असतात, आणि त्या मोटारींच्या डोक्यावर तीन उंच इमारती. गल्लीचं नाव इमारतीला द्या, असं लोकांनी बिल्डरला विनवलं होतं. त्याने मान डोलावली, चहा पाजला आणि पाटी लावली, ‘सी विंग’.

कस्तुराबाई ओव्हाळ या गल्लीत आल्या तेव्हा त्या जेमतेम सतरा-अठराच्या होत्या आणि गल्ली त्यांच्याहून लहान होती. बहात्तरच्या दुष्काळाने भूम-परांड्याकडची माणसं उठवली, त्यांतले ज्ञानदेव ओव्हाळ एक. त्यांना कारखान्यात भट्टीवर काम लागलं. राहायला जागा नव्हती, पण कारखान्यात परदेशातून यंत्रं यायची, ती भल्या मोठ्या लाकडी खोक्यांतून. यंत्र आत जायचं, खोकं भिंतीबाहेर यायचं आणि खोक्याचं घर व्हायचं. त्या काळात जेतवन गल्लीत सागवान नव्हतं, पण पाइन होतं, तेही थेट जर्मनीचं.

खोक्यांवर काळ्या शाईत चित्रं असायची. भैरूच्या घरावर छत्री होती, म्हणजे आतला माल भिजू देऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात गल्लीत सगळ्यांत जास्त गळलं ते भैरूचंच घर. ओव्हाळांच्या दारावर बाण होता, ‘ही बाजू वर’ म्हणणारा, पण फळी लावताना उलटी बसली आणि बाण जमिनीकडे झाला. ज्ञानदेव म्हणायचे, कंपनीची इच्छा दिसतेय आपण तळघरात राहावं. आणि नागसेन वाघमारेच्या दारावर दारूच्या पेल्यासारखा एक पेला होता. माल नाजूक आहे, जपून हाताळा, एवढाच त्याचा अर्थ. पण पगाराच्या दिवशी दुसऱ्या वस्तीतली माणसं तो पेला पाहून थेट नागसेनच्या दारात येऊन बसायची आणि आवाज द्यायची. नागसेन सुपारीलाही शिवत नसे. तो प्रत्येकाला तांब्याभर पाणी द्यायचा आणि म्हणायचा, “भाऊ, या गुत्त्यात एवढंच मिळतं.”

पुढे फळ्या जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन विटा आल्या, विटांवर अर्धा मजला चढला. नागसेनने मात्र ती पेल्याची फळी काढून आत भिंतीला ठोकली आणि तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला. ज्ञानदेव आणि तो एकाच भट्टीवर, एकाच पाळीत. पाळी बहुतेक रात्रीची.

उलट्या बुटांचा कायदा निघाला तो इथून. ज्ञानदेव सकाळी घरी येत तेव्हा त्यांचे कंपनीचे जाड बूट घामाने आतून ओलेचिंब असत. ते बूट ओट्यावर, तळ आभाळाकडे करून, उन्हात वाळत टाकत आणि आत जाऊन झोपत. बूट उलटे दिसले की माणूस आत आहे आणि झोपला आहे, हे सांगायला कुणी लागत नसे. एकदा गोट्या खेळणाऱ्या पोरांनी दारात गलका केला. ज्ञानदेव पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर बाहेर आले, ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. भट्टीवरचा माणूस झोपेसाठी रडताना पोरांनी पहिल्यांदाच पाहिला. आणि कस्तुराबाईंनीही.

त्या दिवसापासून त्यांनी गल्ली ताब्यात घेतली. ज्याच्या दारात बूट उलटे, त्याच्या दाराला हात लावायचा नाही. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, पाहुणा आला तरी त्याला शेजारी बसवायचं. कुकरची तिसरी शिट्टी होण्याआधी चिमट्याने शिट्टी उचलायची. भाजीवाल्याने कोपऱ्यावरच ओरडून घ्यायचं आणि आत आल्यावर टोपलीकडे नुसतं बोट दाखवायचं. एकदा लग्नाची वरात गल्लीतून जायची होती. कस्तुराबाई वाटेत उभ्या राहिल्या. बँडवाल्यांनी कर्णे छातीशी धरले, ढोलवाल्याने ढोल पोटाशी कवटाळला आणि नवरदेव घोड्यावरून गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत असा गेला, की त्याला वाटलं असावं आपलं लग्न मोडलं. कोपऱ्यावर पोचल्यावर बँड पुन्हा सुरू झाला.

नागसेन सगळ्यांना सांगायचा, “मरण जरी आलं ना, तरी कस्तुरावैनी त्याला म्हणंल, बूट उलटे हायत, चारनंतर ये.”

गल्ली हसायची. वहिनीही पदराआड हसायच्या, कारण ते खरंच होतं.

ज्ञानदेव निवृत्त झाले आणि दोन पावसाळ्यांत गेले. भट्टीने त्यांची छाती आधीच खाऊन ठेवली होती. भट्टीही पुढे थंड झाली. कारखाने चाकणकडे सरकले आणि पोरं बसने तिकडे जाऊ लागली. पण पाळ्या तशाच राहिल्या, बूटही तसेच. नागसेनची बायको वारली, मुलगी अंजली राजगुरुनगरला दिली, आणि तो चाकणच्या एका गोदामावर रात्रीचा वॉचमन म्हणून लागला. पोटाला पेन्शन होती, पण सबंध आयुष्य रात्री जागून काढल्यावर त्याला रात्री झोप येत नसे. “डोळं मिटून छताकडं बघायचं, त्यापरीस गोदामाकडं बघतो,” असं तो म्हणायचा.

मग पुनर्वसन आलं. गल्ली पाडली त्या दिवशी कस्तुराबाई जेसीबीसमोर आडव्या होतील अशी सगळ्यांना भीती होती. त्या आडव्या झाल्या नाहीत. जेसीबीवाल्याला त्यांनी एवढंच विचारलं, की बाबा, दुपारी चारनंतर पाडता येईल का. त्याला वाटलं म्हातारी मुहूर्त बघतेय.

सी विंगमध्ये घरं चिठ्ठ्या टाकून मिळाली. जेतवनची माणसं अकरा मजल्यांवर फुटाण्यांसारखी उडाली. मग लोकांनी आपसांत अदलाबदल केली. तुला वर हवं, मला खाली हवं, करता करता सातव्या मजल्यावरच्या आठ दारांपैकी चार जेतवनची झाली. त्यांत ओव्हाळ आणि नागसेन समोरासमोर. बाकीच्या चार दारांत दुसऱ्या वस्त्यांतले लोक आणि एक भाडेकरू, सुजित. हा सोलापूरकडचा पोरगा, चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत, आठवड्याआड रात्रपाळी. कस्तुराबाईंनी त्याला दुसऱ्याच दिवशी बूट उलटे ठेवायला शिकवलं. त्याने ते इतकं मनापासून घेतलं की एकदा बूट उलटे ठेवून तो सिनेमाला गेला आणि अख्खा मजला तीन तास चवड्यांवर चालत राहिला.

कस्तुराबाईंना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. गल्ली गेली, नाव गेलं, ओटा गेला. कायदा जाऊ नये.

सोसायटीची सेक्रेटरी विजयश्री म्हणून एक बाई होती. नीटनेटकी, वाईट मुळीच नव्हे. तिचं म्हणणं, पॅसेजमध्ये चपला-बूट नकोत, आग लागली तर माणसं अडखळून पडतील. कस्तुराबाईंचं म्हणणं, बूट आत गेले तर माणूस झोपलाय हे कळणार कसं? मीटिंगमध्ये हा प्रश्न तासभर चालला. विजयश्रीने सुचवलं, झोपलेल्यांनी दारावर कागद लावावा. त्यावर नागसेन उठला आणि म्हणाला, “ताई, कागद काढायला माणूस इसरतो. बूट इसरता येत न्हाईत, त्येच घालून जायचं असतं.” बूट राहिले.

दुसरी लढाई घंट्यांची. बिल्डरने प्रत्येक दाराला एकसारखी घंटा बसवली होती, चिमणीच्या चिवचिवाटाची. एका दारावर चिमणी बोलली की आठही घरांतून “कोण?” व्हायचं. सामान पोचवणारी पोरं तर दिसेल ती चिमणी दाबायची. नागसेनची झोप आठवड्यातून चारदा मोडायची. कस्तुराबाईंनी मुलाला, धम्मपालला, स्टुलावर चढवलं. तो तळवड्याच्या आयटी पार्कात वायरिंगचंच काम बघतो. त्याने नागसेनच्या, आणि मजल्यावरच्या इतर रात्रपाळीवाल्यांच्याही, चिमणीची वायर कापून टाकली.

“वैनी,” नागसेन हात जोडून म्हणाला, “आता मला बुद्धासारखी शांतता.”

थंडीच्या दिवसांत एका शनिवारी सकाळी नागसेन लिफ्टमधून बाहेर आला तो भिंत धरूनच. डोळे लाल, बुटांना चाकणची तांबडी माती. दुसरा वॉचमन गावी गेला म्हणून त्याने रात्र, दिवस आणि पुन्हा रात्र अशी एका दमात ओढली होती.

कस्तुराबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी रागावून घेतलं. या वयात कसली डबल ड्युटी, कुणासाठी साठवतोस, असं बरंच. नागसेनने भिंतीला टेकून बूट काढले, उलटे ठेवले.

“वैनी, आज उठवू नका. चहाला बी न्हाई. आज रात्री अन् उद्या सुट्टीच हाय. उठलो की मीच येतो.”

“झोप. मी बघते कोण आवाज करतंय ते.”

दार लागलं.

त्या दिवशी कस्तुराबाईंनी पहारा केला असंच म्हणायला हवं. शनिवार म्हणून पोरं घरी. पॅसेजमध्ये क्रिकेट सुरू होताच त्यांनी बॅट जप्त केली. गॅसवाल्याला सिलिंडर घरंगळवू दिला नाही, उचलून न्यायला लावला. तो बिचारा पाठ धरून जिना उतरला. सगळीकडे सामसूम झाली, आणि जेवणं आटोपून त्या जरा लवंडल्या, तोच मोरीकडून ठक ठक यायला लागलं. थांबून थांबून. ठक, ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

कस्तुराबाईंना लगेच कळलं. वर आठव्या मजल्यावर शालनबाई राहतात. त्याही जेतवनच्याच, आणि त्यांची शेंगदाण्याची चटणी पूर्वी गल्लीभर जायची. मिक्सरमधली चटणी चटणी नव्हेच, असं त्यांचं मत होतं, आणि त्या ती लोखंडी खलात कुटायच्या. कस्तुराबाई गुडघे दाबत जिना चढून वर गेल्या.

शालनबाई दारात आल्या त्या पेंगुळलेल्या. म्हणाल्या, मी कुठं कुटतेय? मी तर पडले होते. आम्हालाबी येतोय तो आवाज, पाइपातनं येतोय. मला तर वाटलं खालनं येतोय.

“खालनं कसा यील?” कस्तुराबाई म्हणाल्या. “खाली नागसेन झोपलाय.”

शालनबाईंनी खल आणून दाखवला, तो कोरडा होता. कस्तुराबाईंचा विश्वास बसला नाही. चाळीस वर्षं त्या शालनला ओळखत होत्या. खल पुसून दाखवायला काय लागतं? त्यांनी जाता जाता बजावलं, की माणूस दोन रात्रींचा जागा आहे, जरा माणुसकी ठेवा. खाली येऊन त्या पडल्या. ठक ठक आणखी थोडा वेळ आलं, अगदी हलकं, आणि मग बंद झालं. बोललं की फरक पडतो, असं मनाशी म्हणून त्यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी राजगुरुनगरहून अंजलीचा फोन आला. बाबा फोन उचलत नाहीत, म्हणाली. कस्तुराबाईंनी पॅसेजमध्ये डोकावून पाहिलं.

“झोपलाय गं. बूट उलटे हायत. डबल ड्युटी केलीया त्यानं. झोपू दे.”

रविवारी सकाळी अंजलीचा पुन्हा फोन. कस्तुराबाईंनी पुन्हा डोकावलं आणि पुन्हा तेच सांगितलं. उठला की फोन करायला लावते, असंही म्हणाल्या. अंजली हसली आणि म्हणाली, काकू, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही.

दुपारी नातवंडं खाली खेळायला गेली. चारला कस्तुराबाईंनी सवयीने नागसेनच्याही वाटणीचा चहा टाकला. कप घेऊन समोरच्या दाराशी गेल्या, वर बशी झाकलेली. बूट तसेच, तळ आभाळाकडे. खरं तर पॅसेजच्या ट्यूबलाइटकडे. दाराला कान लावावा असं वाटलं, पण तेही बरं दिसलं नाही. थोडा वेळ उभ्या राहून त्या परत आल्या. धम्मपाल म्हणाला, आई, वाजवून बघू का एकदा? त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा टीव्हीकडे वळला. उलट्या बुटांच्या दारावर कुणी हात टाकलाय असं उभ्या हयातीत झालं नव्हतं. चहावर साय आली होती. त्यांनी तो स्वतःच पिऊन टाकला.

सोमवारी सकाळी सुजित रात्रपाळीवरून आला. स्वतःचे बूट काढून उलटे ठेवता ठेवता त्याची नजर नागसेनच्या दाराकडे गेली.

“मावशी, मामांना काल सुट्टी होती ना?”

“व्हय की.”

“मग रात्री ड्युटीला गेलेच नाहीत. तरी बूट उलटे कसे?”

साधी गोष्ट. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी बूट उलटे ठेवतो. झोप झाली की तेच सरळ करतो. जो पुन्हा गेलाच नाही, त्याचे बूट सोमवारी सकाळी उलटे असायचं कारण नाही. गल्लीचा कायदा करणाऱ्या बाईला हे कळायला परगावच्या पोराने सांगावं लागलं.

कस्तुराबाई उठल्या. आधी त्यांनी घंटा दाबली. काही वाजलं नाही. पुन्हा दाबली. मग त्यांना आठवलं, ही चिमणी आपणच मारलीय. मग दोन्ही तळहातांनी त्या दार बडवायला लागल्या. हाताला लाकूड लागत होतं आणि तोंडाने नुसतं “नागसेन, ए नागसेन” चाललं होतं. आठही दारं उघडली, एक सोडून.

धम्मपाल आणि सुजितने दार तोडलं. नागसेन मोरीत होता. ओल्या फरशीवर पाय घसरून पडलेला, एक पाय विचित्र वळलेला. हाताशी पितळी तांब्या. हाच तांब्या तो पूर्वी पेल्याच्या आशेने येणाऱ्यांपुढे धरायचा. तांब्याची कड चेपली होती. आणि भिंतीलगत खालून वर अकरा मजले चढत जाणाऱ्या पाण्याच्या पाइपावर, हात पोचेल तेवढ्या उंचीवर, रंग उडून पांढरे टवके पडले होते.

पोलिस आले. हवालदाराने सगळं पाहिलं आणि पाय घसरून मृत्यू, असं म्हणाला. टवक्यांकडे त्याने पाहिलं, पण त्याला ते बिल्डरचं काम वाटलं. कस्तुराबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या टवक्यांवरून त्यांची नजर हलत नव्हती. मागे शालनबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही ते पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

नागसेनला खाली न्यायचं तर स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने न्यावं लागलं, प्रत्येक वळणावर तिरकं करत. जेतवनची माणसं वेगवेगळ्या मजल्यांवरून खाली येत गेली आणि मागे चालू लागली, तेव्हा कित्येक महिन्यांनी गल्ली एका रांगेत दिसली. भैरूही आला, काठी टेकत. भन्तेंनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. विजयश्री सगळ्यांच्या मागे उभी होती. 

त्यानंतरच्या दिवसांत कस्तुराबाई जेवत, झोपत, नातवंडांच्या वेण्या घालत, पण मोरीत गेल्या की बाहेर येईनात. धम्मपालने एकदा दार ढकलून पाहिलं, तर आई पाइपाला हात लावून उभी. त्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, हे अंजलीताईला सांगू नकोस. सांगून नागसेनकाका परत येणार नाहीत.

शालनबाईही तेच सांगायला आल्या. चटणीचा डबा घेऊन आल्या होत्या, तो तसाच मांडीवर राहिला.

“पोरीला वाटतंय बाप पडला नि गेला. तसंच वाटू दे. तू सांगितलंस तर जन्मभर तिच्या कानात ठोकत राहील ते.”

“आन् माझ्या?”

“तुझ्या राहू दे की. माझ्याबी राहणारच हाय.”

हे खोटं नव्हतं. कस्तुराबाईंनी मान हलवली, आणि शालनबाई चटणी ठेवून गेल्या. ती कुणी खाल्ली नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर अंजली घर आवरायला आली. फार काही नव्हतंच. तिने कपडे बांधले, भांडी शेजारपाजारी वाटली. गल्लीतून आणून इथल्या भिंतीला ठोकलेली पेल्याची फळी उचकटून काढली, बाबासाहेबांचा फोटो रुमालात गुंडाळला. कस्तुराबाई तिला हाताखाली मदत करत होत्या. दोघी मोरीपाशी आल्या तेव्हा अंजली थांबली.

“काकू, डॉक्टर म्हणाले, नक्की काही सांगता येत नाही. पण लगेचच गेले असतील ना? त्रास नसेल झाला?”

नुसतं ‘व्हय’ म्हटलं की संपलं असतं. पोरगी ते ऐकायलाच उभी होती. तोंडावर होतंही ते. पण कस्तुराबाईंनी आयुष्यभर गल्लीला एक गोष्ट शिकवली होती, की आतल्या माणसाचं बाहेरच्यांनी ऐकायचं. आणि तीच त्यांना जमली नव्हती. आता त्याच्याबद्दल खोटं बोलायचं म्हणजे ते दार दुसऱ्यांदा लावून घ्यायचं.

“न्हाई बाळा. लगेच न्हाई गेला. शनवारी दुपारी ह्या पाइपावर ठोकत हुता. मी ऐकलं.”

अंजलीने हातातली पिशवी खाली ठेवली.

“मला वाटलं शालन चटणी कुटतीया. मी वर जाऊन तिला भांडून आले. तुझ्या बापाची झोप मोडंल म्हणून.”

पॅसेजमध्ये कुणाची तरी लिफ्ट येऊन गेली.

“बराच वेळ?” अंजलीने विचारलं.

“थांबून थांबून. मग थांबलंच.”

“मी संध्याकाळी फोन केला होता.”

“व्हय.”

“आणि रविवारी.”

“व्हय, बाळा.”

अंजलीने पाइपावर टवक्यांवरून बोट फिरवलं. रडली नाही. पिशव्या उचलल्या, फळी काखेत धरली आणि लिफ्टशी जाऊन उभी राहिली. कस्तुराबाई चार पावलं मागे उभ्या होत्या. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्यांनी पदर पसरून घेतल्या असत्या. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ती न वळता म्हणाली, “बूट तेवढे राहू दे तुमच्याकडे.”

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. सी विंगमध्ये अजूनही दोन मतं आहेत. निम्मे म्हणतात म्हातारीने पोरीला उगाच जाळलं. निम्मे काही म्हणत नाहीत.

नागसेनचे बूट कस्तुराबाईंनी पुसले, तांबडी माती खरवडून काढली आणि आपल्या दारात सरळ ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पॅसेजमध्ये निघाल्या. सुजितच्या दारात बूट उलटे होते. त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि दारावर थाप मारली. एकदा, दोनदा, जोरात. सुजित धडपडत उठला, डोळे चोळत दार उघडलं. आग लागली का, त्याने विचारलं.

“काही न्हाई. झोप.”

असं रोज चाललं. सातव्यावरून त्या आठव्यावर गेल्या, मग खाली सहाव्यावर. उलटे बूट दिसले की थाप. रात्रभर मशीनवर उभी राहिलेली पोरं ऐन झोपेत दचकून उठायची. ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडला. वेडी झालीय, कुणी तरी आवरा, हिनेच गावाला शांतता शिकवली आणि आता हीच ढोल वाजवतेय. विजयश्री एरवी प्रत्येक मेसेजला नियमाचा नंबर टाकून उत्तर देते. या तक्रारींना तिने उत्तर दिलं नाही. धम्मपालने मात्र एका रविवारी स्टूल घेतलं आणि मजल्यावर जिथे जिथे वायर कापली होती तिथे जोडून दिली. नागसेनच्या रिकाम्या घराचीही जोडली. आता कधी एखादा चुकार पोरगा ती दाबतो आणि बंद घरात चिमणी बोलते. तेव्हा कस्तुराबाई कामातून हात काढून बसून राहतात.

सुजित आता उठून दार उघडत नाही. त्याला झोपेतच सवय झाली आहे. थाप ऐकली की तो पडल्या पडल्या भिंतीवर मूठ आपटतो, दोनदा. ठक, ठक. बाकीची पोरंही तसंच करायला लागली आहेत. कस्तुराबाई दाराला कान लावून थांबतात, तेवढं ऐकतात आणि पुढच्या दाराकडे जातात.